शेळीच्या कानातली गोचीड नखाने चिरडली, रक्त बोटांना लागलं. शेळी ठणठणीत आहे, तरी काँगो ताप होऊ शकतो का?

मी आटपाडी भागात पशुवैद्यक आहे. आधी धीर धरा. आपल्या सांगली-साताऱ्याकडे हाताने गोचिडी काढणारी माणसं घरोघरी आहेत, आणि देशात आजवर सापडलेले काँगो तापाचे बहुतेक रुग्ण गुजरात आणि राजस्थानातले आहेत. तरीही पुढचे १४ दिवस तापावर लक्ष ठेवा.

पण 'शेळी ठणठणीत आहे' यावर विसंबू नका. काँगो ताप विषाणूमुळे होतो, आणि हा विषाणू शेळ्या-मेंढ्यांना, गाई-म्हशींना सहसा आजारी पाडतच नाही. आठवडाभर त्यांच्या रक्तात राहतो आणि जातो. जनावर चरतं, दूध देतं, मालकाला काही कळत नाही. माणसाला मात्र एकाएकी सणसणून ताप, अंगदुखी, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त. १०० रुग्णांतले १० ते ४० दगावतात.

गाईचा गोचीडताप, म्हणजे थायलेरिया किंवा बबेशिया, हा आजार निराळा. तो रक्तातल्या परजीवींचा असतो, विषाणूचा नाही. नावामुळे लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि गाईला गोचीडताप झाला की उगाच धास्तावतात.

काँगो ताप पसरवते ती मुख्यतः हायलोमा जातीची गोचीड. पायांवर फिकट पट्टे असतात. ती गवतावर बसून वाट बघत नाही, चाहूल लागली की जनावराकडे धावत येते. तिच्या अंगातला विषाणू अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो. म्हणून नुसती जनावरं साफ करून भागत नाही; गोठ्याच्या भिंतीतल्या फटीही बुजवाव्या लागतात.

मागे खरसुंडीजवळ मेंढ्यांच्या वाड्यावर गेले होते. एक मावशी मेंढीचा कान उलटा करून एरंडाच्या बीएवढ्या टम्म गोचिडी काढत होत्या आणि अंगठ्याच्या नखाखाली फोडत होत्या. बोटांना भेगा, त्यांत रक्त. धोका नेमका तिथेच आहे. चावली नाही तरी चिरडलेल्या गोचिडीचा द्रव किंवा ताजं रक्त भेगेतून आत जातं. मी त्यांना हातमोजे दिले आणि रॉकेलचा डबा शेजारी ठेवायला सांगितला: काढायची, डब्यात टाकायची, शेवटी साबणाने हात धुवायचे. स्वतःला चिकटली असेल तर मात्र तिच्यावर रॉकेल ओतू नका, काडीही लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. उकळलेलं दूध आणि नीट शिजलेलं मटण खायला हरकत नाही.

भारतात हा आजार पहिल्यांदा पक्का झाला तो जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं. त्या रुग्ण बाईंवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही त्यात गेले. रुग्णाच्या रक्तातूनही तो लागतो, हे मला कधीच विसरता येत नाही.

म्हणून ताप आलाच तर मनाने गोळ्या घेत घरी बसू नका. दवाखान्यात गेल्यावर, सुई टोचण्याआधी, पहिलं वाक्य हेच सांगा: 'मी अमुक तारखेला गोचीड चिरडली होती.' ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.