जांभ्या मातीत पहिलं खत

भाऊ, बागेतला पातेरा जाळणं आधी थांबवा. आंबा-काजूखालचा पाचोळा, गिरिपुष्पाचा ओला पाला, वर शेणकाला असे थर लावा. ओल इतकीच, की मूठ दाबल्यावर हात भिजेल पण पाणी गळणार नाही. महिन्याभराने ढीग उलथा.

नवे लोक हमखास फसतात ते इथे:
- कच्चं शेण थेट आळ्यात घालतात. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. काळं, भुसभुशीत झालेलंच खत घाला.
- ढीग उघडा ठेवतात. आपल्याकडे कोकणात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सगळा कस वाहून जातो! उंचवट्यावर रचा, झावळ्यांनी शाकारा.

जांभी माती आम्लधर्मी असते, तरी तपासणीआधी चुना नको. जिवाणू कल्चर वगैरे पुढच्या वर्षी बघू. भातखाचरात मात्र यंदाच धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा आणि चिखलणीत गाडा.