पेन्सिलवाला

नौपाडा, ठाणे

चि. परीक्षककुमार यास,
अनेक आशीर्वाद.

त्या नव्या रहस्यकादंबरीचं तुझं परीक्षण वाचलं. पुरवणीला धाडण्याआधी मला दाखवलंस हे बरं केलंस, कारण तिसऱ्या परिच्छेदात तू खुनी पकडून दिला आहेस.

नाव लिहिलं नाहीस, मान्य. पण ‘शेवटचा धक्का सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या माणसाकडून येतो’ हे वाक्य तुझंच ना? घोडबंदर रोडवरच्या त्या टॉवरमध्ये संशयित सात. त्यातल्या सहा जणांचं मयताशी, सोसायटीशी नाहीतर बिल्डरशी भांडण. मग उरलं कोण? नाव नाही दिलंस, आधार कार्ड दिलंस. (मीही इथे नाव लिहीत नाही. तुझी आई तुझी पत्रं वाचते आणि कादंबरीची माझी प्रत सध्या तिच्याच उशाशी आहे, असं तूच म्हणालास.)

आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथे पूर्वी रहस्यकथा घेतली की मी आधी पहिली वीसेक पानं चाळायची. गोष्टीसाठी नव्हे, पेन्सिलीसाठी. तपकिरी बाइंडिंग, मागे तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी, आणि अकराव्या पानावर एखाद्या बिचाऱ्या दिवाणजीच्या नावाखाली रेघ मारून बारीक अक्षरात: ‘हाच तो.’ त्या पेन्सिलवाल्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. पण तो निदान रबरानं पुसता यायचा. छापलेलं परीक्षण पुसता येत नाही.

आता तू विचारशील, शेवट सांगायचा नाही तर शेवटाबद्दल बोलायचं कसं? तुझी खरी अडचण तीच आहे. रहस्यकथेचा निम्मा कस शेवटात असतो आणि परीक्षकाच्या तोंडाला तिथेच कुलूप. माझ्यापुरता मार्ग एकच सापडला: पुस्तक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासारखं, दुसऱ्यांदा विंगेत उभं राहून. खुनी माहीत झाल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा काढ आणि बघ, लेखकानं तुला कुठे फसवलं, की तू आपणहून फसलास. वाक्य खोटं होतं, की खरं असूनही तू ते भलत्या बाजूनं वाचलंस? ते कळलं की शेवट न उघडता लिहिता येतं, ‘दुसऱ्या वाचनात एकही वाक्य खोटं निघत नाही’ किंवा ‘तीन ठिकाणी लेखकानं वाचकाशी लबाडी केली आहे’. वाचकाला एवढंच हवं असतं. आपले पैसे खऱ्या खेळावर लागणार आहेत की नाही, एवढंच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नवी नवी परीक्षणं लिहायचे तेव्हा एका कादंबरीवर मी झोडून लिहिलं: गुन्हेगाराकडे किल्ली आली कुठून, याचा खुलासाच नाही, लेखक विसरले. पुस्तक मी ऑफिसला जाता-येता गाडीत संपवलं होतं, एकदाच, त्यातही निम्मं घाटकोपरच्या रेटारेटीत उभ्यानं. पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. मायना नाही, नमस्कार नाही. ‘पृष्ठ ६२, शेवटून चौथी ओळ.’ खाली सही. काढून बघितलं तर मोलकरीण धुण्याच्या बादलीत किल्ल्यांचा जुडगा टाकते, अर्ध्या वाक्यात. तो माणूस पुढे कधी काही बोलला नाही. मी खुलासा छापायला हवा होता. छापला नाही. ते कार्ड मात्र अजून आहे माझ्याकडे, ये कधी, दाखवते.

फसवणूक आणि लबाडी यांतला फरक ओळखायला मोठमोठे चुकले आहेत. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या एका कादंबरीवरून केवढा कालवा झाला! वाचकाला अंधारात ठेवलं, नियम मोडला, असं म्हणणारे होते. डोरोथी सेयर्स, स्वतः रहस्यकथा लिहिणारी, ती ख्रिस्तीच्या बाजूनं उभी राहिली. कादंबरीचं नाव सांगत नाही. तू वाचली नसशील तर मीच पेन्सिलवाली ठरायची.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. ‘अर्थात, या प्रकारच्या लेखनाकडून साहित्यमूल्याची अपेक्षा नसते.’ कोणाची नसते रे? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यांना वाचायची चटक लावली, आणि समीक्षकांनी त्यांची दखल घेतली ती बहुतेक आकडा सांगण्यापुरती. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांचं बघ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही. आणि २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो आत्मचरित्रासाठी. मला त्याचा आनंदच झाला, पण थोडं खटकलंही. अजून खटकतं.

म्हणून ते वाक्य काढ. त्याऐवजी भाषेबद्दल लिही. या लेखकाची भाषा लिफ्टमध्ये चांगली चालते आणि पोलीस चौकीत लंगडते, हे तुझ्या लक्षात आलेलं मला कळलंय, पण तू ते ‘भाषा ओघवती’ या दोन शब्दांत गुंडाळलंस. ओघवती म्हणजे काय, नळाला पाणी आलं? एक वाक्य उद्धृत कर, चांगलं. एक कर, फसलेलं. बस.

उलट्या बाजूचा खड्डाही सांगून ठेवते. ‘मराठीत प्रथमच’ हे शब्द लिहायचे नाहीत. भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही एकाच हातानं लिहिणारे नारायण धारप होऊन गेले. आज कोणी तोच मेळ घातला की मलपृष्ठावर ‘प्रथमच’ छापतात आणि आपण ते उतरवून काढतो. मलपृष्ठ प्रकाशकानं लिहिलेलं असतं, हे विसरायचं नाही. पुस्तकावर ‘अभिप्रायार्थ’ शिक्का असला म्हणजे काही आपण मिंधे झालो नाही. आणि हो, प्रकाशनाच्या कार्यक्रमात लेखकाशी तुझी ओळख झाली, त्यानं तलावपाळीला कॉफी पाजली, हे परीक्षणात एका ओळीत लिहून टाक. ठाण्यात सगळेच कोणाचे ना कोणाचे ओळखीचे असतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलं की मात्र वास येतो.

भीतीची पुस्तकं दिवसा वाचून त्यांच्यावर लिहू नकोस. एवढंच. त्यावर पुन्हा केव्हातरी.

तर तिसरा परिच्छेद नव्यानं लिही आणि बुधवारपर्यंत पाठव. पण मला नको, आधी आईला दे. ती निम्म्या पुस्तकात आहे, याहून चांगली परीक्षा मिळायची नाही. तुझं परीक्षण वाचून ती चष्म्यावरून बघत ‘म्हणजे तो...’ असं काही म्हणाली, तर पुन्हा लिही.

तुझी,
ग्रंथालयातली मावशी