भावाने नागपूरहून तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला जावं का? घरचे किरणांना घाबरतात

जाऊ द्या भावाला. तुमच्या घरचे आज जे बोलतायत ते मी 1987 साली नागपूरच्या महाल भागातल्या एका घरात, हातात पोह्यांची बशी घेऊन ऐकलंय.

मुलगी पाहायला गेलो होतो, अन् मी अणुवीज केंद्रात कामाला. तिच्या मामांनी विचारलं, "किरणं अंगाला लागत असतील नं?" मी हौसेने सगळं सांगितलं. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे किरणं मोजणारा बिल्ला असतो, कोणाला किती डोस बसला त्याची नोंद राहते. बाहेर पडताना मॉनिटरवर हात-पाय तपासल्याशिवाय सुटका नाही. "अन् घंटा वाजली तर?" तर धुवायचं, परत तपासायचं. बूट साफ होत नसतील तर ते आतच राहतात, माणूस दुसऱ्या चपला घालून घरी जातो. काम किती काटेकोर आहे हे त्यांना पटेल असं मला वाटलं. मामांनी बशी खाली ठेवली. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

मामा आमच्याच गल्लीतले, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. मागे त्यांच्या पोटाचा सीटी स्कॅन झाला. त्यात एका झटक्यात 8 ते 10 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) बसतात. आम्हाला मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. माझी कित्येक वर्षं त्या एका स्कॅनपेक्षा कमी डोसची गेली. हे सांगितलं तर म्हणाले, "ते औषधपाण्यासाठी होतं बे."

भाऊ कोणत्या युनिटवर जातोय ते विचारून घ्या. 1 आणि 2 या 1969 च्या अमेरिकी अणुभट्ट्या. तिथे भट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनवर जाते, म्हणून चालू असताना टर्बाइनकडेही किरणोत्सर्ग असतो. तो मुख्यतः नायट्रोजन-16 चा, अर्धायुष्य सात सेकंद, म्हणजे दर सात सेकंदांनी निम्मा होतो, भट्टी थांबली की काही मिनिटांत संपतो. 3 आणि 4 जड पाण्याच्या, 540 मेगावॉटच्या. तिथे टर्बाइनची वाफ वेगळी. 1974 च्या पोखरण अणुचाचणीनंतर अमेरिकेने इंधनाला हात आखडता घेतला, तरी आपल्या माणसांनी त्या जुन्या भट्ट्या 210 वरून 160 मेगावॉटवर आणून चालवल्या. मला याचा अभिमान आहे. 2020 मध्ये दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या.

घाबरायचंच असेल तर बंद केलेल्या भट्टीला घाबरा. साखळी प्रक्रिया थांबली तरी त्या क्षणी चालू असतानाच्या सहा-सात टक्के उष्णता उरते आणि ती सतत काढत राहावी लागते. 2011 मध्ये जपानचं फुकुशिमा केंद्र तिथेच फसलं. वापरलेल्या इंधनाचा प्रश्नही मोठा आहे, आणि 3-4 साठी अक्करपट्टी-पोफरण गावांची माणसं उठवली गेली, त्यांचं दुःख खरंच आहे. हे मी मामांसमोर कधी कबूल केलं नाही, करायला हवं होतं.

पगार, क्वार्टरचं मला आताचं विचारू नका. भावाला एवढंच सांगा, सासरी कोणी घंटेचं विचारलं तर खरं तेच सांग.