सबमर्सिबल पंपाच्या वेबसाइटसाठी सोपा मजकूर कसा लिहावा?

भावाच्या कारखान्यात पंप बनतात, इंजिनिअरने दिलेला मजकूर गिऱ्हाइकाला कळत नाही आणि तुम्ही सोपा केला की इंजिनिअर म्हणतो ‘हे चुकीचं झालं’, असं तुम्ही लिहिलंय. मी हेच काम करतो. इंजिनिअरचं म्हणणं मनावर घ्या.

मी पहिल्यांदा पंपाचं पान लिहिलं तेव्हा तक्त्यात ‘कमाल हेड’ (पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच ढकलतो ते) ९० मीटर होतं. म्हणजे साधारण २९५ फूट. मी लिहून टाकलं, ‘३०० फूट बोअरमधून पाणी काढतो’. सर्व्हिसच्या मेकॅनिकने ते वाचलं आणि मला शेजारी बसवून समजावलं. कमाल हेडला पाणी पडतच नाही. जितकं वर चढवाल तितकं ते कमी होत जातं. उंचीही बोअरच्या तळापासून नाही, मोटर चालू असताना पाणी जिथे टेकतं तिथून मोजायची. वर टाकीची उंची, पाइपातलं घर्षण वेगळं. माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून एखाद्या शेतकऱ्याने पंप घेतला असता तर तो फसला असता. मी ते वाक्य काढलं आणि छोटा तक्ता टाकला: पाणी इतक्या फुटांवर, तर तासाला इतके लिटर. फूट आधी, कारण आपल्याकडे बोअर फुटांतच सांगतात.

‘ड्राय रन प्रोटेक्शन’चंही तसंच. मी लिहिलं, ‘बोअरचं पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद होतो, मोटर जळत नाही.’ मेकॅनिकने एकच भर घातली: हे पॅनेलमुळे (मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीमुळे) होतं, पॅनेल वेगळं घ्यावं लागतं. ही ओळ गाळली असती तर वाक्य सोपं राहिलं असतं, पण खोटं.

लिहायला बसण्याआधी चार दिवस सर्व्हिसचा फोन वाजतो तिथे बसा. ‘डिस्चार्ज (बाहेर पडणारं पाणी) कमी झालाय’ असं कुणी म्हणत नाही. ‘पाणी चढत नाही’, ‘मोटर सारखी ट्रिप होते’ असं म्हणतात. तीच शीर्षकं घ्या. बरेच जण पंपालाही मोटरच म्हणतात, त्यामुळे पानावर दोन्ही शब्द हवेत.

एचपी (मोटरची ताकद), फेज (विजेची जोडणी), स्टेज (पंपातल्या पंख्यांचे टप्पे) हे शब्द मात्र काढू नका. वायरमन आणि दुकानदार आधी तेच बघतात. खाली तक्त्यात राहू द्या.

मी आजही पान आधी मेकॅनिकला मोठ्याने वाचून दाखवतो, मग इंजिनिअरकडे पाठवतो.