प्लॉट विकू का? आधी बायोप्सीचा रिपोर्ट काढा

प्रश्न: पत्नीला (वय २७) अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस (मेंदूला सूज आणणारा आजार) झालाय. मूळ अंडाशयातल्या गाठीत निघालं. गाठ काढली, पाच आठवडे ती आयसीयूत आहे. मेडिक्लेम संपला, ७ लाख भरायचेत. एफडी ३ लाख, माझं नऊ वर्षांचं पीपीएफ ५ लाख, तिची १० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी (ठरावीक गंभीर आजार झाला तर एकरकमी पैसे देणारी) आहे. शेजारी पडत्या भावात प्लॉट मागतोय, आठवड्यात पैसे देतो म्हणतो. देऊ का?

उत्तर: तीन रात्री झोप नाही, मग सासूबाई जेवणात काहीतरी घालतात हा संशय, मग फिट. पत्रात तुम्ही लिहिलेला पत्नीच्या आजाराचा हा क्रम वाचून आतडं पिळवटलं.

या आठवड्यात प्लॉट देऊ नका. गाठीविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडीज या आजारात मेंदूवर उलटतात. गाठ निघाली, औषधं वेळेत मिळाली, तर दोन वर्षांत दहापैकी आठ जण चांगले सावरतात. पण सावरणं फार सावकाश असतं. घरी आल्यावर सांभाळायला बाई, फिजिओथेरपी, तुमची बिनपगारी रजा हे सगळं येईल. म्हणून हिशेब आजच्या बिलाचा नको, पुढच्या दीड वर्षाचा मांडा.

पॉलिसीचे १० लाख त्यात धरू नका. कॅन्सरचं कलम फक्त घातक गाठीला लागू होतं, आणि या आजारातला टेराटोमा, म्हणजे अंडाशयातली ही गाठ, बहुतेकदा साधा असतो. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘मॅच्युअर’ (साधी गाठ) असेल तर त्या कलमाखाली दावा टिकणार नाही. ‘इमॅच्युअर’ (घातक) असेल तर दावा आजच दाखल करा.

बिलासाठी एफडी मोडा. पीपीएफमधून अंशतः फार थोडं निघेल, पण पत्नीच्या जीवघेण्या आजारासाठी पाच वर्षांनंतर खातं मुदतीआधी बंद करता येतं. व्याज एक टक्का कमी मिळतं, तेवढं सोसा. घरखर्चाला कमी पडलं तर सोनं तारण ठेवा. प्लॉटला गिऱ्हाईक शोधायला हरकत नाही, मात्र योग्य भाव येईपर्यंत थांबा. घाईत गेलेली जमीन परत घेता येत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख मात्र कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. दावा झाला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, आणि नव्या वर्षात विमा रक्कम पुन्हा पूर्ण मिळते. रिटुक्सिमॅब या औषधाचे पुढचे डोस त्यानंतर असतील, तर त्यांच्यासाठी पॉलिसीत वेगळी मर्यादा आहे का ते आधीच लेखी विचारा.