कॉलेजातल्या एखाद्या शाखेची लाट का येते आणि का ओसरते? मुलाने आत्ता कोणती घ्यावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं आहे, कारण मी त्यात पोळलोय.

२००४ साल, प्रवेशाचा फॉर्म. पसंतीक्रमात पहिल्या नंबरावर मी पेन्सिलने 'कॉम्प्युटर' लिहिलं होतं. मामाने खोडरबर घेतलं. "त्या लाइनीत माणसांना घरी बसवतायत. बांधकामाला मरण नाही." डॉट-कॉमचा फुगा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरची वेडी तेजी, फुटून तीन-चार वर्षं झाली होती, पण मामाच्या डोक्यात तो कालच फुटला होता. त्याने स्वतःच्या पेनाने ठळक 'सिव्हिल' लिहिलं. खोडलेल्या अक्षरांची खाच कागदावर तशीच दिसत होती. झेरॉक्समध्ये मात्र ती आली नाही. आई एवढंच म्हणाली, "मामाला जगाची माहिती आहे."

माहिती होती, पण शिळी. २००८ मध्ये पदवी मिळाली, ऑफर लेटरही आलं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि महिनाभरात माझ्या कंपनीने जॉइनिंग 'पुढील सूचनेपर्यंत' ढकललं. सूचना यायला अकरा महिने लागले. तेवढे दिवस मी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसायचो. आल्यागेल्याने विचारलं तर "आजच फोन येणार आहे" म्हणता यावं, म्हणून.

तर कारण हे: निर्णय आजचा पगार बघून होतो आणि पदवी चार वर्षांनी हातात पडते. यंदा ज्या पिकाला भाव, पुढच्या हंगामात सगळे तेच लावतात, तसं. इंजिनिअरांच्या बाबतीत हे चक्र रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या दशकातच मांडलं होतं. अमेरिकेतले कॉम्प्युटरचे पदवीधर बघा: १९८६ मध्ये सुमारे ४२ हजार, नव्वदच्या दशकाच्या मध्याला २५ हजारांच्या आसपास, २००४ मध्ये जवळपास ६० हजार, २००९ मध्ये ३८ हजार, आणि २०२१ पर्यंत लाखावर. म्हणजे २००४ ची ती मोठी बॅच फुगा फुटण्याआधी आत शिरलेली होती, आणि २००९ ला जे थोडे बाहेर पडले ते बाकी सगळे घाबरलेले असताना शिरले होते. त्यांच्या पुढ्यात स्मार्टफोनचं अख्खं दशक होतं! पेट्रोलियमचंही तेच. तेलाचा भाव २०१४ मध्ये कोसळला आणि सगळ्यात मोठ्या बॅचेस त्यानंतर बाहेर पडल्या.

सगळं काही पगारामुळे होत नाही, हेही सांगायला हवं. १९७१ मध्ये अमेरिकेत दर पाच पदव्यांपैकी एक शिक्षणशास्त्राची होती, आता शंभरात चार-पाच असतात. हुशार मुलींना तेव्हा मास्तरकीशिवाय फारशी दारं उघडी नव्हती. ती उघडली, तशा त्या इतर शाखांकडे गेल्या. ही लाट नव्हे, ही परत न फिरणारी गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

थोडक्यात, ज्या शाखेची नातेवाईक लग्नात शिफारस करतात तिचा भाव उतरायला लागलाय असं समजा. मामा आजही चारचौघांत म्हणतो, "याने तेव्हा कॉम्प्युटर घ्यायला हवं होतं, मी म्हटलं होतं." म्हटलं होतं! फॉर्म कॉलेजात जमा झाला, माझ्याकडे उरली फक्त खाच नसलेली झेरॉक्स.

आता खरं सांगतो. फॉर्म भरला तोवर मी प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नव्हती, त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये मी दिवे लावलेच असते असं नाही. आज पुलांचं काम करतो आणि ते मला आवडतं. मामाची पश्चातबुद्धी मात्र आवडत नाही.

गेल्या महिन्यात त्याने माझ्या भाचीला 'डेटा सायन्सच घे' म्हणून सांगितलं. तिच्या हातात फॉर्म भरायला पेन्सिल होती. मी ती काढून घेतली आणि माझं पेन दिलं.