काचेवरचे हात

(तिकीटबारी : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी 'अ माइनक्राफ्ट मूव्ही' या व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटाचं उदाहरण घेतलंय. एप्रिल 2025 मध्ये तो अमेरिकेत लागला, त्याआधी पहिल्या तीन दिवसांचा अंदाज सात-आठ कोटी डॉलरच्या आसपास होता. प्रत्यक्षात 16.28 कोटी झाले. ज्यांचा धंदाच अंदाज बांधण्याचा, ती माणसं इतकी कशी चुकली? आणि मी माझं गणित कशावर मांडू?

उत्तर : तुझं पत्र वाचून मी माझी वही काढली. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये एका वितरकाच्या ऑफिसात मी 31 वर्षं हिशेब सांभाळले. तेव्हापासूनची सवय आहे, मोठा चित्रपट लागायच्या आदल्या रात्री आकडा लिहून ठेवायचा. माइनक्राफ्टसमोर मी 9 कोटी लिहिलेत. म्हणजे चूक माझीही तीच आहे, आणि ती कुठे झाली ते मला आता नीट दिसतंय.

आधी अंदाज कसा निघतो ते बघ. चित्रपट लागायच्या साधारण तीन आठवडे आधी पाहणी सुरू होते, तिला ते ट्रॅकिंग म्हणतात. लोकांना विचारतात, या चित्रपटाचं नाव ऐकलंय का, बघावासा वाटतो का, या आठवड्यातल्या चित्रपटांत तुमची पहिली पसंती कोणती. मग पूर्वीच्या तशाच चित्रपटांची उत्तरं आणि त्यांचा गल्ला शेजारी ठेवून ताळा करतात. अगदी शेवटी अ‍ॅडव्हान्स बुकिंगचा वेग बघतात. पद्धत चांगली आहे. ओळखीच्या नायकाच्या चौथ्या-पाचव्या भागासाठी ती बऱ्यापैकी बरोबर येते.

माइनक्राफ्टची अडचण अशी की ज्याला तो बघायचाय तो नऊ-दहा वर्षांचा आहे. त्याला कुणी पाहणीत गाठत नाही, आणि तिकीट तो काढत नाही. त्याची आई काढते. आईला बुधवारी विचारलंस तर ती म्हणेल, "बघू, अजून ठरवलं नाही." ती खरंच सांगत असते. शनिवारी सकाळी पोरगं तिच्या पदराला लोंबकळतं तेव्हा तिचं ठरतं. आपल्याकडे याला करंट बुकिंग म्हणतात, आणि करंटवर चालणारा चित्रपट अ‍ॅडव्हान्सच्या आकड्यात दिसत नाही.

हे तुला आकड्यांत दाखवते, कारण तुझ्या प्रकल्पाला याचाच उपयोग होईल. ऑक्टोबर 2023 मध्ये 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' लागला. तोही गेमवरचा, पण भयपट, मोठ्या मुलांचा. शुक्रवारच्या प्रदर्शनाच्या आदल्या, गुरुवारच्या रात्रीच्या खेळांत त्यानं 1 कोटी डॉलरहून किंचित जास्त मिळवले. माइनक्राफ्टचा गुरुवारही 1 कोटीच्या किंचित वर होता. दोघांचा गुरुवार जवळजवळ सारखा. पण फ्रेडीजचा वीकेंड 8 कोटींवर थांबला आणि माइनक्राफ्टचा 16 च्या पुढे गेला. गुरुवारी रात्री येतो तो चाहता. शनिवारी दुपारी येतं ते घर. फक्त गुरुवार बघून गुणाकार करणाऱ्याला या दोन चित्रपटांतला फरक कळलाच नसता. तू प्रत्येक चित्रपटासाठी वीकेंडच्या गल्ल्याला गुरुवारच्या गल्ल्यानं भाग आणि तो भागाकार प्रेक्षकांच्या वयाशेजारी मांड. मला तरी यापेक्षा बोलका तक्ता सुचत नाही.

दुसरं म्हणजे तुलनेला चित्रपट कमी होते. गेमवरचे चित्रपट वर्षानुवर्षं पडत आले होते. 1993 चा मारिओचा चित्रपट 4 कोटी डॉलरहून जास्त खर्चून काढला आणि अमेरिकेत सुमारे 2.1 कोटींवर आटोपला. ती धास्ती आकडे मांडणाऱ्यांच्या मनात 30 वर्षं राहिली. एप्रिल 2023 मध्ये नवा 'सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' आला. अमेरिकेत बुधवार ते रविवार पाच दिवसांत 20 कोटींच्या वर आणि जगभरात शेवटी 136 कोटींच्या आसपास! तेव्हाही आधीचे अंदाज खालीच होते. मला वाटलं होतं, आता माणसं शिकली. पण मारिओ हा अपवाद समजला गेला आणि माइनक्राफ्टच्या वेळी पुन्हा जुनीच फूटपट्टी बाहेर आली. शिवाय दोन आठवडे आधी 'स्नो व्हाइट' हा मुलांचा चित्रपट लागला होता, तो जेमतेम 4.2 कोटींवर उघडला. त्यामुळे घरची माणसं थिएटरला येत नाहीत असं सगळ्यांनी धरलं. मी उलट वाचायला हवं होतं. मार्चभर मुलांना पाहण्यासारखं काही मिळालं नव्हतं, ती सगळी एप्रिलची वाट बघत बसली होती.

आता मूळ गोष्ट. 1990 च्या दशकात मिरजेच्या एका थिएटरचा कँटीनवाला मला फोनवर आकडा सांगायचा. मॅनेजर डीसीआर म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा हिशेब सांगून फोन ठेवायच्या आत हा पलीकडून रिसीव्हर घ्यायचा. शुक्रवारी किती बटाटे उकडायचे हे त्याला गुरुवारी संध्याकाळी ठरवावं लागे, म्हणून अंदाज त्याच्या पोटाशी बांधलेला होता. थिएटरबाहेर काचेच्या पेटीत येणाऱ्या चित्रपटाचे फोटो लावलेले असत. तो म्हणायचा, "ताई, मी काच पुसायला जातो तेव्हा हातांचे ठसे बघतो. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ठसे असले की बटाटेवड्यांचे दोन घाणे जास्त काढतो." कमरेएवढ्या उंचीवर म्हणजे पोरांचे हात. शाळा सुटल्यावर फोटोंना नाक लावून उभी राहणारी पोरं. त्याचा अंदाज आमच्या शेठजींपेक्षा जास्त वेळा बरोबर यायचा.

माइनक्राफ्टच्या आधी ते ठसे सगळीकडे होते. गेमच्या 30 कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. ट्रेलरमधलं 'चिकन जॉकी' हे वाक्य जगभरची मुलं एकमेकांना म्हणून दाखवत होती. माझा नातू ठाण्याला राहतो, तोही आठवडाभर जेवताना तेच ओरडत होता. मी त्याला म्हटलं, "गप, आमटी सांडेल." आणि रात्री वहीत 9 कोटी लिहिले. ठसा माझ्या समोर ताटावर बसला होता.

प्रश्न : आपण मागच्या अंकात 'वॉरक्राफ्ट' (2016) या गेमवरच्या चित्रपटाला तोट्याचा म्हटलंत. त्यानं जगभरात जवळपास 44 कोटी डॉलर मिळवले आणि खर्च 16 कोटी होता, असं मी वाचलं आहे. बँकेत 35 वर्षं काढलेल्या माणसाला हा तोटा समजत नाही. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही बँकेतले, म्हणून ताळेबंदच मांडते. 44 कोटी ही प्रेक्षकांनी खिडकीवर दिलेली रक्कम. त्यातला निर्मात्याकडे येतो तो शेअर. अमेरिकेत ढोबळमानानं निम्मा येतो, आणि तिथे वॉरक्राफ्टचा गल्ला होता फक्त 4.7 कोटी. म्हणजे हाती आले सव्वादोन-अडीच कोटी. चीनमध्ये चित्रपट तुफान चालला, 21 कोटींच्या वर गेला. पण परदेशी चित्रपटाला तिथे साधारण चौथा हिस्सा मिळतो. म्हणजे सव्वापाच कोटी धरा. उरलेल्या जगातले साधारण 18 कोटी, त्यात 40 टक्के धरले तर सात-सव्वासात. बेरीज पंधराच्या आसपास येते. खर्च 16 कोटींचा, आणि त्यात जाहिरात धरलेलीच नाही. ती अशा चित्रपटांना कित्येक कोटींची लागते.

टीव्ही आणि इतर हक्कांचे पैसे नंतर येतात, ते मी यात धरलेले नाहीत. तरीही दुसरा भाग निघाला नाही, यातून काय ते समजा. गंमत म्हणजे वॉरक्राफ्ट काढणारी लेजेंडरी ही कंपनी माइनक्राफ्टच्याही निर्मात्यांत आहे. माइनक्राफ्टनं जगभरात 95 कोटींच्या वर मिळवले, त्यातले 42 कोटींहून जास्त अमेरिका-कॅनडातून. एकूण आकडा वॉरक्राफ्टच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त, पण पैसे जिथे निम्मा शेअर मिळतो तिथून आलेले. म्हणून कुणी "जगभरात इतके कोटी" म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या खिडकीवर?

प्रश्न : ट्रेलरची लोकांनी टिंगल केली की चित्रपट पडणार असं समजायचं का? माझ्या दोन्ही मुलांत यावर रोज वाद होतो. (एक आई, नाशिक)

उत्तर : नाही. 2019 मध्ये 'सॉनिक' या गेमवरच्या चित्रपटाचा ट्रेलर आला तेव्हा त्या निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात बघून जगभर ओरड झाली. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी रूप बदलतो असं जाहीर केलं, प्रदर्शन नोव्हेंबरवरून 14 फेब्रुवारी 2020 वर गेलं, आणि पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत 5.8 कोटी आले. पुढे त्याचे आणखी दोन भाग निघाले. माइनक्राफ्टच्या पहिल्या ट्रेलरलाही नावं ठेवली गेली होती. जो चिडतो त्याला त्या पात्राची माया असते. चिडलेला हातही काचेवर ठसा सोडतो.

मला भीती वाटते ती कुणी काहीच बोलत नाही तेव्हा. ऑगस्ट 2024 मध्ये 'बॉर्डरलँड्स' आला. गेमच्या कोट्यवधी प्रती विकलेल्या, केट ब्लँचेटसारखी अभिनेत्री, खर्च 11 कोटींच्या वर. चित्रीकरण 2021 मध्ये झालं, मग काही भाग दुसऱ्या दिग्दर्शकाकडून पुन्हा घेतला, असं करत तीन वर्षं गेली. गेम मोठ्यांचा, आणि चित्रपट केला पोरांनाही चालेल असा मवाळ. गेम खेळणाऱ्यांना तो आपला वाटला नाही आणि पोरांना तो गेम माहीतच नव्हता. पहिल्या तीन दिवसांत 86 लाख डॉलर, जगभरात शेवटी सुमारे 3.3 कोटी. परीक्षणं वाईट होती हे खरं, पण माइनक्राफ्टचीही काही फार चांगली नव्हती. गेमच्या किती प्रती विकल्या हे विचारण्याआधी ते विकत घेणारे आज कितीचे आहेत आणि त्यांच्यासोबत थिएटरला कोण जाणार, हे विचारायला हवं होतं.

तुमच्या मुलांना माझा निरोप द्या. पुढचा गेमचा चित्रपट लागायच्या आदल्या गुरुवारी दोघांनी आपापला आकडा आणि त्याचं कारण पोस्टकार्डावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर धाडावं. मी दोन्ही कार्डं वहीत माझ्या आकड्याशेजारी लावून ठेवीन.